वेशीवर अडलेली तार

अमेरिकेतल्या काही शहरांनी स्वतः कर्ज काढून, स्वतःच्या विजेच्या खांबांवरून घरोघरी वेगवान इंटरनेट पोचवलं. राज्यांच्या विधिमंडळांनी कायदे करून त्यांना वेशीपाशी थांबवलं. आपल्या गावाला काय हवं हे कोणी ठरवायचं, या प्रश्नाभोवती वीस वर्षं चाललेल्या लढ्याची ही हकिकत.

पाइनटॉप्स हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं जेमतेम तेराशे वस्तीचं गाव. तंबाखू, कापूस आणि रताळ्यांच्या शेतांनी वेढलेलं. मोठ्या दूरसंचार कंपन्यांना इथे नवी तार टाकण्यात रस नव्हता. गिऱ्हाईक थोडं आणि अंतर जास्त. पण २०१६च्या पूर्वार्धात या गावात एकाएकी देशातल्या मोठमोठ्या शहरांनाही हेवा वाटावा असं इंटरनेट आलं. शेजारच्या विल्सन शहराच्या नगरपालिकेची ‘ग्रीनलाइट’ ही फायबर सेवा गावात पोचली. वीज तर पाइनटॉप्स आधीपासूनच विल्सनकडून घेत होतं. त्याच वाटेने आता प्रकाशाच्या वेगाने माहितीही येऊ लागली.

त्याच वर्षी १० ऑगस्टला एका संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला आणि ही सेवा बेकायदा ठरली. तारेत बिघाड नव्हता, गावकऱ्यांची तक्रार नव्हती, विल्सन तोट्यात होतं असंही नाही. राज्याच्या २०११च्या कायद्यानुसार विल्सनच्या नगरपालिकेला विल्सन काउंटीबाहेर इंटरनेट देण्याची परवानगी नव्हती आणि पाइनटॉप्स पलीकडच्या एजकोम काउंटीत होतं, एवढंच कारण. शेजारच्या नॅश काउंटीतल्या एका मोठ्या रताळे-उत्पादक कुटुंबानेही आपलं पॅकिंग केंद्र याच तारेच्या भरवशावर उभारलं होतं. तेही त्या रेषेच्या चुकीच्या बाजूला सापडलं.

विल्सनने तार लगेच तोडली नाही. शुल्क घेऊन सेवा विकणं बेकायदा, तर काही महिने ती फुकट द्यायची, असा मार्ग काढला. पुढे २०१७मध्ये विधिमंडळाने पाइनटॉप्सपुरती सवलत दिली, पण अट अशी घातली की दुसऱ्या एखाद्या कंपनीने गावात घरोघरी फायबर आणलं की विल्सनने बाहेर पडायचं. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या खासगी कंपनीला गावात यावंसं वाटलं ते त्यानंतर.

असे कायदे अमेरिकेत आजही सुमारे सोळा राज्यांत आहेत. एकेकाळी ते याहून जास्त राज्यांत होते. शहरांनी इंटरनेटच्या धंद्यात पडावं की पडू नये यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण त्या मतभेदाचा निवाडा ज्या लोकांचे पैसे, ज्यांची घरं आणि ज्यांची मुलं पणाला लागली आहेत त्यांच्या हातून काढून घेणं, हा वेगळाच प्रकार आहे.

विल्सनने आधी विचारलं होतं

विल्सन हे एकेकाळी तंबाखूच्या लिलावांसाठी नावाजलेलं शहर. वस्ती सुमारे पन्नास हजार. तंबाखूचा धंदा ओसरला, कारखाने हलले, तेव्हा नव्या उद्योगांना बोलवायचं तर चांगलं इंटरनेट हवं, हे नगरपालिकेला दिसत होतं. सुरुवातीला स्वतः कंपनी काढण्याचा इरादा नव्हता. शहराने टाइम वॉर्नर केबल आणि एम्बार्क या तिथल्या कंपन्यांना गाठलं आणि फायबरचं जाळं एकत्र उभारण्याबद्दल विचारलं. दोघींनी नकार दिला. त्यानंतरच शहराने कर्ज काढून स्वतःचं जाळं विणायला घेतलं आणि २००८मध्ये ग्रीनलाइट सुरू झाली.

आता मात्र कंपन्यांना विल्सनमध्ये भलताच रस निर्माण झाला. शहराची सेवा रोखणारी विधेयकं २००७पासून राज्याच्या विधिमंडळात येत होती आणि अडत होती. २०११मध्ये एक मंजूर झालं. राज्यपाल बेव्हर्ली पर्ड्यू यांनी त्यावर सही केली नाही आणि ते नाकारलंही नाही. मुदत उलटली आणि मे महिन्यात ते आपोआप कायदा झालं. निवडणूक-निधीवर नजर ठेवणाऱ्या एका संस्थेने पुढच्या वर्षी हिशेब मांडला, तेव्हा दिसलं की २००६ ते २०११ या काळात दूरसंचार उद्योगाने त्या राज्यातल्या उमेदवारांना सुमारे सोळा लाख डॉलरच्या देणग्या दिल्या होत्या.

या कायद्याने शहरांवर सरळ बंदी घातली नाही. नवी सेवा सुरू करायची तर आधी खासगी भागीदार शोधा, जाहीर सुनावण्या घ्या, कर्जासाठी खास मतदान घ्या. दर ठरवताना खासगी कंपनीला जे कर भरावे लागले असते तेही आपल्या खर्चात धरा, आणि त्या खर्चाखाली दर उतरवू नका. शहराच्या हद्दीबाहेर जाऊ नका. विल्सन आधीच सुरू झालं होतं म्हणून त्याला आपल्या काउंटीपुरती मोकळीक मिळाली. मागून येऊ पाहणाऱ्या शहरांसाठी मात्र वाट जवळजवळ बंदच झाली.

खांब आधीपासून कोणाचे?

या लढ्यातली बहुतेक शहरं एका गोष्टीत सारखी आहेत: त्यांची वीज त्यांची स्वतःची आहे. मुंबईकर वाचकाला हे समजायला कठीण नाही. १९४७मध्ये महापालिकेच्या ताब्यात आलेला ‘बेस्ट’ उपक्रम दक्षिण मुंबईला आजही वीज पुरवतो. अमेरिकेत अशा नगरपालिकांच्या मालकीच्या वीजसंस्था जवळपास दोन हजार आहेत. त्यांच्याकडे खांब असतात, उपकेंद्रं असतात, घराघरापर्यंत जाण्याचा हक्काचा मार्ग असतो, बिलं पाठवणारी आणि तक्रारी ऐकणारी माणसं असतात. फायबरचा सर्वांत मोठा खर्च तारेत नसतो. तो ती तार घरापर्यंत नेण्यात असतो, आणि तिथपर्यंतचा निम्मा रस्ता या संस्थांनी आधीच तुडवलेला असतो.

टेनेसी राज्यातलं चॅटनूगा हे या कथेतलं सर्वांत ठळक उदाहरण. १९६९मध्ये केंद्र सरकारच्या अहवालाने या शहराची हवा देशात सर्वांत घाणेरडी ठरवली आणि वॉल्टर क्रॉन्काइट यांनी दूरचित्रवाणीच्या बातम्यांत ती गोष्ट साऱ्या देशाला ऐकवली. ओतकामाच्या भट्ट्यांचं हे शहर पुढची कित्येक वर्षं स्वतःला सावरण्यात गुंतलं होतं. त्याची वीज ‘इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड’ अर्थात ईपीबी ही नागरी संस्था पुरवते. वादळात वीज गेली की बिघाड कुठे झाला हे शोधण्यातच तास जातात, म्हणून वीजजाळ्यावर स्वयंचलित स्विच बसवायचे आणि ते फायबरने जोडायचे, असा ईपीबीचा मूळ बेत होता. फायबर टाकायचंच आहे, तर त्यावरून इंटरनेट का देऊ नये, हा पुढचा साधा विचार.

त्यासाठी ईपीबीने २००८मध्ये सुमारे बावीस कोटी डॉलरचे रोखे काढले. राज्यातल्या केबल कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली, कॉमकास्ट ही कंपनीही गेली; दोन्ही दावे टिकले नाहीत. त्यानंतर मंदीवर उपाय म्हणून ओबामा सरकारने जाहीर केलेल्या योजनेतून ऊर्जा खात्याचं ११.१६ कोटी डॉलरचं अनुदान मिळालं आणि दहा वर्षांत व्हायचं काम तीनच वर्षांत उरकलं. सप्टेंबर २०१०मध्ये ईपीबीने सुमारे सहाशे चौरस मैलांच्या आपल्या साऱ्या वीजक्षेत्रात, म्हणजे शहराबरोबर आजूबाजूच्या खेड्यापाड्यांतही, सेकंदाला एक गिगाबिट वेगाचं इंटरनेट देऊ केलं. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या वर्षी केंद्राचा दूरसंचार आयोग, म्हणजे एफसीसी, ज्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हणत होता तो होता चार मेगाबिट. चॅटनूगाने त्याच्या अडीचशे पट वेग दिला.

पहिल्यांदा या वेगाचा दर होता महिना ३५० डॉलर. तीन वर्षांत तो ७० डॉलरवर आला. २०१५मध्ये दहा गिगाबिट, २०२२मध्ये पंचवीस गिगाबिट अशी मजल पुढे गेली. कॉमकास्टनेही त्या भागात आपला वेग वाढवला. स्पर्धा आली की सेवा सुधारते, हे बाजाराचे पुरस्कर्ते नेहमी सांगतात. चॅटनूगात ती स्पर्धा एका नागरी संस्थेने आणली. टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतले अर्थतज्ज्ञ बेंटो लोबो यांनी २०२०मध्ये पहिल्या दहा वर्षांचा ताळेबंद मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे या जाळ्यामुळे त्या भागाला २.६९ अब्ज डॉलरचा लाभ झाला आणि ९,५१६ रोजगार उभे राहिले. या लाभात इंटरनेटच्या बिलाबरोबरच वादळात न गेलेली वीज, न बंद पडलेले कारखाने आणि नव्याने आलेले उद्योगही धरलेले आहेत. खासगी कंपनीच्या ताळेबंदात यांना रकाना नसतो. शहराच्या ताळेबंदात असतो, आणि म्हणूनच कंपनीला न परवडणारी तार शहराला परवडू शकते.

एवढं सगळं असूनही ईपीबीचं इंटरनेट तिच्या विजेची हद्द संपते तिथे संपतं. टेनेसीच्या १९९९च्या कायद्याने नागरी वीजसंस्थांना इंटरनेट देण्याची मुभा दिली, पण फक्त त्यांच्या वीजक्षेत्रात. त्या रेषेपलीकडची घरं ईपीबीकडे जोडणी मागत राहिली. त्यांना जोडून घ्यायची ईपीबीची तयारीही होती. मध्ये उभी होती ती फक्त रेषा.

१९३५ची पुनरावृत्ती

चॅटनूगाच्या लोकांसाठी ही लढाई नवी नव्हती. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती एकदा लढली होती.

१९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या शहरी घरांत वीज सर्रास पोचली होती, पण शेतावरच्या दर दहा घरांपैकी जेमतेम एकात दिवा लागत होता. खेड्यात तारा नेणं परवडत नाही, असं वीज कंपन्या म्हणत. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३मध्ये टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए, स्थापन केली आणि १९३५मध्ये ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली. त्याच वर्षी चॅटनूगाच्या मतदारांनी सार्वजनिक विजेच्या बाजूने कौल दिला आणि ईपीबीचा जन्म झाला. तोवर शहराला वीज देणाऱ्या टेनेसी इलेक्ट्रिक पॉवर कंपनीने टीव्हीएविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. १९३९मध्ये ती हरली, आणि त्याच वर्षी कंपनीची मालमत्ता टीव्हीए आणि तिथल्या नागरी संस्थांनी विकत घेतली. कंपनीच्या बाजूने वाटाघाटी करणारे वेंडेल विल्की पुढच्याच वर्षी रूझवेल्ट यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले.

तेव्हा कंपन्या काय म्हणत होत्या? सरकारने धंद्यात पडू नये; करदात्याचा पैसा बुडेल; सरकारशी स्पर्धा ही स्पर्धाच नव्हे. विजेच्या जागी इंटरनेट घातलं की २०११ची भाषणं तयार होतात. आज त्या खोऱ्यात सार्वजनिक वीज हवी की नको असा वाद कोणी उकरून काढत नाही. फरक असा की १९३५मध्ये चॅटनूगाचा निर्णय चॅटनूगाने मत टाकून घेतला. पंचाहत्तर वर्षांनी तसाच निर्णय वेशीपलीकडच्या लोकांना घेता येईना.

अडवण्याचे अनेक मार्ग

या कायद्यांचं गांभीर्य त्यांच्या बारकाव्यांत आहे. नेवाडात पंचवीस हजारांहून मोठ्या शहराला दूरसंचार सेवा विकायला मनाई आहे. म्हणजे जिथे जाळं उभारणं परवडेल तिथेच बंदी. युटामध्ये शहराने तार टाकावी, पण थेट ग्राहकाला सेवा विकायची तर इतक्या अटी की शहरं जाळं इतर कंपन्यांना घाऊक देण्याकडेच वळतात. मिशिगनमध्ये आधी निविदा मागवाव्या लागतात. पेनसिल्व्हेनियात २००४च्या कायद्याने पहिला हक्क स्थानिक टेलिफोन कंपनीला दिला: शहराने विचारायचं, आणि कंपनीने चौदा महिन्यांत सेवा देण्याची तयारी दाखवली की शहराने बाजूला व्हायचं. सार्वमत, सुनावणी, लेखापरीक्षण, खर्चाचे काल्पनिक आकडे. सुटी सुटी पाहिली तर प्रत्येक अट शहाणपणाचीच वाटते. एकत्र आल्यावर त्यांची भिंत होते.

हे वेगवेगळ्या राज्यांत आपापलं सुचलेलं नव्हतं. कंपन्या आणि आमदार यांना एकत्र आणणाऱ्या ‘एलेक’ या संघटनेने २००२मध्येच अशा कायद्याचा नमुना तयार करून ठेवला होता.

कायदेशीर पाया त्याहूनही जुना आहे. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८मध्ये एक तत्त्व मांडलं: शहर हे राज्याचं अपत्य आहे; राज्य देईल तेवढेच त्याचे अधिकार, आणि राज्य ते काढूनही घेऊ शकतं. दीड शतकानंतर हेच तत्त्व इंटरनेटच्या तारेला येऊन भिडलं. १९९६च्या संघीय दूरसंचार कायद्यात म्हटलं होतं की दूरसंचार सेवा देण्यापासून कुठल्याही घटकाला राज्यांनी अडवू नये. मिसुरीतल्या नगरपालिका म्हणाल्या, मग आम्हीही त्या ‘कुठल्याही’त येतो. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ‘नाही’ म्हटलं. राज्य आणि त्याच्या शहरांमधल्या नात्यात केंद्राला हात घालायचा असेल, तर संसदेने तसं स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

वॉशिंग्टनमधला एक दिवस

जुलै २०१४मध्ये चॅटनूगा आणि विल्सन यांनी एफसीसीकडे स्वतंत्र अर्ज केले: आमच्या राज्यांचे हे कायदे रद्दबातल ठरवा. टेनेसीच्या खासदार मार्शा ब्लॅकबर्न यांनी त्याच महिन्यात प्रतिनिधिगृहात दुरुस्ती मांडून आयोगाचे हात बांधण्याचा प्रयत्न केला आणि सभागृहाने ती मंजूरही केली. जानेवारी २०१५मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा आयोवातल्या सीडर फॉल्स या गावी गेले. तिथली नागरी वीजसंस्था १९९०च्या दशकापासून इंटरनेट देत आली आहे. तिथून त्यांनी शहरांना स्वतःचं जाळं उभारण्याची मोकळीक असावी, अशी जाहीर भूमिका घेतली.

२६ फेब्रुवारी २०१५ला अध्यक्ष टॉम व्हीलर यांच्या नेतृत्वाखाली आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी शहरांच्या बाजूने कौल दिला. ब्रॉडबँडचा प्रसार वेगाने होण्यातले अडथळे दूर करा, असं १९९६च्या कायद्याचं ७०६वं कलम सांगतं. हे कायदे म्हणजे तसे अडथळेच आहेत, असा आयोगाचा युक्तिवाद होता. विरोधी दोघांपैकी एक होते भारतातून गेलेल्या कोकणी कुटुंबातले अजित पै, जे पुढे २०१७ ते २०२१ या काळात आयोगाचे अध्यक्ष झाले. आपल्या शहरांना कोणते अधिकार द्यायचे हा राज्यांचा सार्वभौम प्रश्न आहे, तो आयोगाच्या कक्षेत येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आयोगाच्या याच कौलाच्या आधारावर विल्सनची तार पाइनटॉप्सला पोचली होती. पण सहाव्या क्षेत्राच्या संघीय अपील न्यायालयाने दीड वर्षाने, १० ऑगस्ट २०१६च्या त्या निकालात, पै यांचंच म्हणणं उचलून धरलं. शहरांचं इंटरनेट चांगलं की वाईट, यावर न्यायालयाने निवाडा दिला नाही. प्रश्न फक्त एवढाच होता की हे ठरवण्याचा अधिकार आयोगाला आहे का, आणि संसदेने तो स्पष्टपणे दिलेला नाही, असं उत्तर आलं. कायद्याच्या चौकटीत हा निकाल समजण्यासारखा आहे. पण तो वाचताना जाणवतं की निर्णय कोणाचा या भांडणात केंद्र आणि राज्य असे दोनच पक्षकार मोजले गेले. तिसरा, म्हणजे पाइनटॉप्सचा माणूस, त्या दालनात पक्षकार नव्हताच.

कंपन्यांचं म्हणणं आणि बुडालेली शहरं

विरोधकांची बाजू पोकळ नाही. शहर खांबांना आणि रस्ते खोदायला परवानगी देतं. तेच शहर स्पर्धक झालं तर पंचानेच बॅट हातात घेतल्यासारखं होतं, ही त्यांची तक्रार रास्त आहे. आणि शहरं बुडालीही आहेत. युटातल्या प्रोव्हो शहराने सुमारे ३.९ कोटी डॉलर खर्चून ‘आयप्रोव्हो’ हे जाळं उभारलं. ते इतकं रखडलं की २०१३मध्ये गूगलला अवघ्या एका डॉलरला द्यावं लागलं आणि कर्ज मात्र नागरिकांच्या बिलांत राहिलं. व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराचं जाळं कर्जाच्या गाळात गेलं. सिटीबँकेने ३.३५ कोटी डॉलरच्या वसुलीसाठी दावा ठोकला आणि शहराची पत घसरली. सगळी शहरं चॅटनूगा नसतात.

पण प्रोव्होच्या अपयशात एक धडा दडलेला आहे. राज्याच्या कायद्यापायी त्याला ग्राहकाशी थेट नातं जोडता आलं नाही. त्याच्या तारांवरून सेवा विकणाऱ्या कंपन्या एकामागून एक ढेपाळल्या. शहराला एका पायावर पळायला लावायचं आणि ते पडलं की शहरांना पळताच येत नाही म्हणायचं, असा तो न्याय होता.

करदात्याच्या पैशांचा मुद्दाही दोन्ही बाजूंना लागू होतो. २०१५मध्ये एफसीसीच्या एका योजनेतून एटी अँड टी, सेंच्युरीलिंक, फ्रंटियर अशा दहा कंपन्यांनी खेड्यांत इंटरनेट नेण्यासाठी वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर असं सहा वर्षांचं अनुदान स्वीकारलं. त्यात अपेक्षित वेग होता दहा मेगाबिट. खुद्द टेनेसीने २०१७मध्ये ब्रॉडबँडसाठी तीन वर्षांत साडेचार कोटी डॉलरची अनुदानं जाहीर केली आणि वीज सहकारी संस्थांना इंटरनेट देण्याची मुभा दिली, पण ईपीबीची हद्द जिथल्या तिथे ठेवली. तुलाहोमा शहराच्या रिपब्लिकन आमदार जॅनिस बोलिंग नागरी संस्थांसाठी ही रेषा पुसणारी विधेयकं पुनःपुन्हा मांडत राहिल्या. ती पास झाली नाहीत. म्हणजे सार्वजनिक पैसा बाजारात यायला कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती सार्वजनिक मालकीला.

बोलिंग यांचा पक्ष लक्षात घेण्याजोगा आहे. लुइझियानातल्या लाफायेत शहराने २००५मध्ये सार्वमतात ६२ टक्क्यांनी स्वतःच्या फायबरचा कौल दिला आणि बेलसाउथ व कॉक्स या कंपन्यांशी न्यायालयीन लढाया लढून २००९मध्ये सेवा सुरू केली. तेव्हाचे तिथले शहरप्रमुख जोई ड्युरेल हेही रिपब्लिकनच होते. आपल्या गावाचा विचार करणाऱ्या माणसाला या प्रश्नात पक्षाची कास सोडावी लागली, हे अनेकदा दिसतं.

अटीचंच शस्त्र

कोलोरॅडोच्या विधिमंडळाने २००५मध्ये कायदा केला: शहराला इंटरनेट द्यायचं असेल तर आधी गावात मतदान घ्या. मतदान म्हणजे प्रचार, आणि प्रचाराला पैसा लागतो. पैसा कंपन्यांकडे होता.

लाँगमाँट शहराकडे १९९७पासून फायबरचं एक वर्तुळ होतं, पण कायद्यामुळे ते बहुतांशी पडून होतं. २००९मध्ये शहराने मतदारांकडे परवानगी मागितली. केबल उद्योगाने अडीच लाख डॉलरच्या आसपास विरोधी प्रचारावर ओतले आणि प्रस्ताव पडला. २०११मध्ये पुन्हा मतदान झालं. या वेळी विरोधकांनी सुमारे चार लाख वीस हजार डॉलर खर्च केले. शहराला कायद्याने प्रचार करता येत नव्हता. नागरिकांनीच तो केला, आणि सुमारे साठ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. २०१३मध्ये ४.५३ कोटी डॉलरचे रोखे काढण्यालाही मतदारांनी होकार दिला. २०१४मध्ये ‘नेक्स्टलाइट’ सुरू झाली, आणि सुरुवातीच्या ग्राहकांना एक गिगाबिटचा दर मिळाला ४९.९५ डॉलर. फोर्ट कॉलिन्स शहरात २०१७ला विरोधकांचा खर्च नऊ लाख डॉलरच्या वर गेला. तरीही ५७ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं.

मग ही साथच पसरली. एकेक गाव, एकेक काउंटी मतदान घेऊन कायद्यातून बाहेर पडत गेली. शंभराहून अधिक ठिकाणी लोकांनी आपला अधिकार परत घेतला, तेही बहुतेकदा मोठ्या बहुमताने. २०२०च्या महासाथीत शाळा घरात आली आणि मुलं फुकट वाय-फायसाठी ग्रंथालयांच्या, उपाहारगृहांच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून अभ्यास करू लागली. चांगलं इंटरनेट ही चैन आहे असं म्हणण्याची सोय तेव्हापासून कोणालाच उरली नाही. चॅटनूगात ईपीबी आणि शाळा-मंडळाने त्या उन्हाळ्यात गरीब घरांतल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना मोफत इंटरनेट देण्याची योजना जाहीर केली, तीही दहा वर्षांसाठी. तार आधीच दारात पोचलेली होती म्हणून ते काही आठवड्यांत सुरू करता आलं.

त्यानंतर राज्यं बदलू लागली. २०२१मध्ये वॉशिंग्टन आणि अर्कान्सा यांनी आपले निर्बंध सैल केले किंवा काढले. १ मे २०२३ रोजी कोलोरॅडोचे राज्यपाल जेरेड पोलिस यांनी अठरा वर्षं जुना कायदा रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली. २०२४मध्ये मिनेसोटाने आपली अडसर ठरणारी जुनी अट काढली. २०२१च्या संघीय पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँडसाठी ४२.४५ अब्ज डॉलर राखले, आणि हा निधी वाटताना राज्यांनी नगरपालिका व सहकारी संस्थांना वगळू नये असंही त्यात लिहिलं. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसी मात्र आपापल्या रेषांवर ठाम आहेत.

कोलोरॅडोचा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तिथे मतदानाची अट शहरांना दमवण्यासाठी घातली होती. लोकांनी तीच अट गंभीरपणे घेतली. दारोदार फिरले, सभा घेतल्या, हिशेब समजून घेतले, कधी हरले, पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. मतदान ही अट वाईट नव्हतीच. आपलं कर्ज आपण काढायचं की नाही हे गावाने मत देऊन ठरवावं, दर वर्षी हिशेब उघडे ठेवावेत, खासगी स्पर्धकाला खांब त्याच दराने द्यावेत, या अटी प्रत्येक शहरावर असायलाच हव्यात. शहराला जाब विचारायचा तो तिथल्या मतदाराने. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात चूक होती ती ही की गावाने ‘हो’ म्हटल्यावरही दुसऱ्याच कोणाचं ‘नाही’ चालत राहतं.

चांगला निर्णय घेणारं शहर सुधारेल, चुकणारं शहर किंमत मोजेल आणि शेजारची शहरं दोघांकडून शिकतील. स्थानिक स्वराज्य याच मार्गाने शहाणं होतं. प्रोव्होला चुकण्याचा जेवढा हक्क होता, तेवढाच पाइनटॉप्सला बरोबर ठरण्याचा होता. तो हक्क कुठल्या कंपनीने द्यायचा नाही आणि कुठल्या विधिमंडळाने त्या कंपनीसाठी काढूनही घ्यायचा नाही. तो गावाचा आहे, आणि ज्या राज्यांत तो अजून अडवलेला आहे तिथल्या लोकांनी तो कोलोरॅडोसारखाच, एकेक मत गोळा करत, परत मागायला हवा.